दुसरी टाचणी

त्या माणसाचं नाव मी एकदा रागाने विचारलं होतं. नंतर विचारायला तोंड राहिलं नाही.

सायकलरिक्षा करून नवरा, मुलगी आणि मी असे आम्ही तिघं नागपुरातलं प्राणिसंग्रहालय बघायला गेलो होतो. चार वर्षांच्या मुलीसाठी मी फुटाण्यांच्या पुड्या नेल्या होत्या. सांडू नयेत म्हणून प्रत्येक पुडीला दोन टाचण्या लावल्या होत्या, ऑफिसात कागदांना लावते तशा. चितळाने जाळीतून तोंड काढलं आणि मुलीने अख्खी पुडी त्याला भरवली.

आत झाडत असलेला राखणदार धावला. चितळाची मान त्याने काखेत धरली, जबड्यात बोटं घालून ओला कागद ओढून काढला आणि "काहून देल्लं?" म्हणून असा ओरडला, की पोर रडायलाच लागली.

"लहान आहे ती! अंगावर काय ओरडता? नाव सांगा तुमचं, तक्रार करते," मी म्हणाले.

"लेकरू लहान हाये, बाई. टाचणी तं तुम्हीच लावली नं?" त्याने कागदातली टाचणी दाखवली. "किती होत्या?"

"दोन."

गुडघ्यांवर बसून त्याने आधी गवत चाचपलं, मग चितळाच्या जिभेखाली कितीतरी वेळ बोट फिरवलं. माझा राग तेवढाच होता, पण आता तो माझ्यावर होता.

शेवटी दुसरी टाचणी हाती लागली. ती त्याने शर्टाला पुसली आणि दोन्ही टाचण्या जाळीतून माझ्या तळहातावर ठेवल्या.

"मोजून घ्या, बाई," तो म्हणाला आणि चितळाची मान खाजवू लागला.