मागच्या शेडमधला पिवळा गार्ड

“तुमच्या दिल्लीच्या ऑफिसातून आमच्या जिनातला पट्टा दिसते काय?” चंद्रकलानं मला विचारलं.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. अकोल्याच्या एमआयडीसीजवळ, विहाराच्या अंगणात वीसेक बाया बसल्या होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

दिल्लीत मुख्य ऑफिस असलेल्या एका राष्ट्रीय कामगार महासंघाची मी संघटक आहे. अकोला आणि अमरावती हे माझे जिल्हे. या बाया एका जिनिंग फॅक्टरीत कामाला होत्या. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. मशीन मोटरच्या पट्ट्यावर फिरतं, आणि इथे तो पट्टा उघडाच होता. आदल्या आठवड्यात चंद्रकलाचा पदर त्यात गेला. शेजारच्या मशीनवरच्या पंचफुलाबाईंनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, म्हणून हातावर निभावलं.

बायांनी युनियन काढायचं ठरवलं. मालकानं निरोप धाडला, आपसात काय करायचं ते करा, बाहेरचा झेंडा आणला तर पुढच्या सीझनला एकही बाई कामावर दिसणार नाही. त्यामुळे प्रश्न एवढाच होता की आमच्या महासंघाला जोडून घ्यायचं की नाही.

मी नेहमीचं सांगितलं. महासंघ म्हणजे युनियनांची युनियन. स्वातंत्र्याच्या आधी गिरण्या, रेल्वे, खाणी इथल्या युनियन एकत्र आल्या, कारण एकट्या युनियनला मालक सहज गुंडाळायचे. पुढे राजकारणापायी फाटाफूट झाली, म्हणून आज देशात इतके झेंडे. पण कामाचे तास, बाळंतपणाची रजा, प्रॉव्हिडंट फंड यांसाठी ही मंडळी वर्षानुवर्षं भांडत आली.

बायांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, “ते बरं झालं, ताई. पन आमची नोकरी गेल्यावर दिल्ली आमाले पोसन काय?”

मी चंद्रकलाला म्हटलं, “मशीनचा फोटो आहे का?”

तिच्या मोबाइलमध्ये होता. मशीनवर कंपनीची पाटी स्पष्ट दिसत होती. कंपनी कोइमतूरकडची. तिथल्या कामगारांची युनियन आमच्याच महासंघात आहे. त्या युनियनचा सेल्वम मला एका अधिवेशनात भेटला होता. त्याचं हिंदी मोडकं, माझं त्याहून बरं असं म्हणवत नाही. जेवणाच्या रांगेत आम्ही अर्धं हातवाऱ्यांनी बोललो होतो.

मी फोटो पाठवला आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला.

सेल्वमनं फोटो पाहिला आणि तो चिडला. “दीदी, गार्ड किधर है? बेल्ट का कवर! बिना गार्ड हम मशीन भेजता नहीं. पीला रंग, पत्रा, आधा गोल. हमारा लोग बनाता है.”

अंगणात एकदम गलका झाला.

“पिवळा? अर्ध्या पिपासारखा?” पंचफुलाबाई उठून उभ्याच राहिल्या. “अवं, तो तं मागच्या शेडमंदी पडला हाये! आमी रोज त्याच्यावर डबे ठेवून जेवतो!”

आधी सगळ्या हसल्या. मग चंद्रकला रडायला लागली, तशा तिच्याजवळ सरकल्या. थोड्या वेळानं तिनं डाव्या हातानं डोळे पुसले. “मी येतो तुमच्यासंगं मालकाकडं,” ती म्हणाली. “कामावरून काढलं तं काढलं.”

दुसऱ्या दिवशी मी, चंद्रकला आणि पंचफुलाबाई केबिनमध्ये गेलो. मालक तरुण होता, वडिलांच्या माघारी नुकताच कारभार हाती घेतलेला.

“गार्ड मीच काढायला लावला,” तो सरळ बोलला. “आत रुई जमा होते. दरवेळी नट खोला, साफ करा, पुन्हा बसवा. प्रॉडक्शन पडते, मॅडम.”

“आन् माहा हात मोडला तवा प्रॉडक्शन नाई पडलं का, शेठ?” चंद्रकलानं विचारलं.

“मग रोज नट खोलत बसू का?” तो म्हणाला.

मी पुन्हा सेल्वमला फोन लावला आणि मोबाइल मालकाच्या हातात दिला. नट खोलायची गरजच नाही, असं सेल्वमचं म्हणणं. गार्डच्या बाजूला बिजागरीचं झाकण असतं. मशीन थांबवायचं, झाकण उघडून रुई काढायची, बंद करायचं. मालकानं फिटरला हाक मारली. सगळे मागच्या शेडमध्ये गेले. डबे उचलून गार्ड पालथा केला, तर झाकण होतं. रंगाखाली गच्च बसलेलं, पण होतं.

शेडमध्ये सगळ्याच मशीनचे गार्ड पडून होते, ते पंधरा दिवसांत जागेवर लागले. काही गंजले होते, त्यांच्या जागी कोइमतूरहून नवे आले. बायांनी महासंघाला जोडून घ्यायचा ठराव एकमतानं केला. कोइमतूरच्या एका फोनवर काम झालेलं पाहून मालकानंही धमकी मागे घेतली; झेंडा गेटवर नको, एवढीच अट घातली. आम्ही तो विहारासमोरच्या कडुनिंबाला बांधला. गेटवरून तो चांगला दिसतो.

पुढच्या सीझनला सगळ्या बाया कामावर आल्या. प्लास्टर निघालेली चंद्रकला युनियनची अध्यक्ष आहे. सुट्टीच्या दिवशी ती बडनेरा, चांदूर रेल्वेकडच्या जिनांमधल्या बायांना भेटायला जाते. पट्टा उघडा आहे का, एवढंच विचारते.

मी आता भाषण आवरतं घेते. नव्या कारखान्यात गेले की मागण्या लिहायच्या आधी मागची शेड बघून येते. त्या गार्डसारखं, कायद्यानं दिलेलं बरंच काही तिथे पडून असतं.