पासंगाचा दगड

आठवडी बाजारात चिंच विकणाऱ्या मावशींच्या तराजूला एका बाजूने दगड बांधलेला दिसला. "हा दगड कशाला?" मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं. गिऱ्हाइकं थबकली. मावशी चिडल्या नाहीत. पारड्यांतली चिंच आणि वजनं काढून त्यांनी रिकामा तराजू उचलून धरला. दोन्ही पारडी एका रेषेत आली.

"हे पारडं मुळातच हलकं हाय, बाई. पासंग बांधावाच लागतो."

'तोल' हा शब्द ज्या संस्कृत धातूवरून आला, त्याचा मूळ अर्थ उचलणे. वजन करणे हा अर्थ पुढचा. मावशींसारखी मनाचा तोल राखणारी माणसं जन्मतःच शांत असतात, असं मी धरून चालले होते. त्यांनीही कुठेतरी असा पासंग बांधून घेतला असेल का?

"चुकलं माझं," मी हळूच म्हणाले.

"मघाशी विचारलंत तेवढ्याच मोठ्यानं म्हणा की."