नेक ताने नेलेली माणसं

आठ दिवसांची झड पहाटे थांबली, तरी डोंगर काही दिसत नव्हता. धुकं पार भाताच्या खाचरांपर्यंत उतरलं होतं. फाल्लीने अंगणात केळीचा सोट आडवा टाकला आणि डुकरांसाठी चकत्या पाडायला घेतल्या. जेमतेम चार चकत्या पडल्या, तोच कुंपणापलीकडून हाक आली.

"अगं पोरी, सावुथ लटलट कापतोय! पेटी घेऊन ये."

शेजारची नॉप आजी, सगळ्या गावाची याय. फाल्लीने कोयता सोटात तसाच रोवला, हात धुतले आणि हिरवी पेटी खांद्याला लावली.

गावची हिवतापवाली होऊन तिला अकरा वर्षं झाली. निवड झाली ती एवढ्याचसाठी, की त्या दिवशी सभेला आलेल्या बायकांत वाचता येणारी ती एकटी होती. स्वतः नऊ वेळा ताप काढलेला, त्यामुळे कुणी सोंग केलं की तिला लगेच कळायचं. बोट टोचायचं, पट्टीवरच्या रेघा बघायच्या आणि तीन दिवस रोज समोर उभं राहून गोळ्या गिळवायच्या. "तिच्यापुढं गोळी गालात ठेवायची सोय न्हाई," रानात वेलदोडे तोडायला जाणारे गडी म्हणत, "जीभ उचलून बघती बया."

यायचा लेक सावुथ खांबांवर उभ्या घराच्या शिडीवर गोधडी पांघरून बसला होता. दात वाजत होते, पण पायात रानात जायचे बूट चढवलेले. दुपारी टोळीचा ट्रॅक्टर निघणार होता.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे हिवतापच. फाल्लीने वही उघडून गोळीआधी विचारायचे छापील प्रश्न काढले.

"कधी चक्कर येऊन पडलास का रे?"

"न्हाई, मिंग." गावातली तरणी पोरं तिला मिंग, म्हणजे मावशी म्हणत.

"घरात कुणी तरणंताठं अचानक मेलं?"

"कुणी न्हाई," याय मधेच म्हणाली. "तापानं गेले, लढाईत पेरलेल्या सुरुंगानं गेले. अचानक कुणी न्हाई."

फाल्लीने गोळ्या तळहातावर काढल्या. पाण्यासाठी मान वर केली, तर खांबावरची फळी दिसली. उदबत्तीची राख, एक कंगवा आणि बारीक मनगटाची पितळी बांगडी.

"ही बांगडी कुणाची, याय?"

"धाकट्या लेकीची. तिला नेक तानं, आपल्या रानाच्या राखणदारानं नेली. झऱ्यावर हंडा भरता भरता बसली, ती बसलीच. अठराची व्हती."

"आणि म्हणतेस अचानक कुणी मेलं नाही!"

"मेली कुठं? नेली!" याय चिडली. "माझ्या भावालाबी तसंच नेलं, भर लग्नात नाचताना."

 अकरा वर्षं ती हाच प्रश्न असाच विचारत होती, आणि अकरा वर्षं गाव तिला खरं तेच उत्तर देत होतं. तिने गोळ्या पाकिटात परत टाकल्या.

"सावुथ, खरं बोल. तुझ्या डोळ्यापुढं कधी अंधार आला?"

त्याने बुटाकडे पाहिलं. "गेल्या साली. ताडावर चढताना. दोरी व्हती म्हणून राहिलो."

"ऊठ. केंद्रावर चल. छातीची रेघ, ठोक्यांचा कागद काढून घ्यायचा."

"मिंग, ट्रॅक्टर जाईल माझा! गोळी तुझ्या पेटीत हाय, ताप माझ्या अंगात हाय, मधी नेक ता कशाला?"

"आणि त्यानं नेलेल्या माणसांची नावं दवाखान्यात सांगायची?" याय म्हणाली. "कोपंल तो."

फाल्ली शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. घराखाली पायानं चालवायचं लाकडी उखळ होतं. "याय, तू पाय मारतेस, मुसळ उठतं, आणि मुसळ वर असतं तेवढ्यात सून खाली हात घालून भात परतते. खरं ना? आता तिचा हात एखाद्या वेळी खाली रेंगाळला, ताल चुकला तर?"

"हात चिरडंल."

"काळजाचंही तसंच. दोन ठोक्यांच्या मधे ते सावरून घेतं. ही गोळी तो सावरायचा वेळ लांबवते. हजारो माणसांना त्याचं काही होत नाही. पण ज्याचा वेळ जन्मापासूनच लांबलाय, त्याचा ताल पार बिघडू शकतो. मग माणूस उभ्या उभ्या बसतो."

 याय उठली, विड्याची दोन पानं काढून फाल्लीच्या हातात दिली. "वाटेत त्याच्या देवळीत ठेव. माझं नाव सांग."

"ट्रॅक्टर..." सावुथने तोंड उघडलं.

"गप. मिंग सांगती तसं कर."

चौदा किलोमीटरची वाट निसरड्या लाल मातीची होती. सावुथला बसवेना, म्हणून फाल्लीने चौकड्यांचं उपरणं दोघांच्या कमरेभोवती आवळलं आणि मोटारसायकल काढली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मिंग, काळजाआधी तू मारशील मला."

"बोलतोयस ना? मग जिवंत आहेस."

देवळीपाशी तिने गाडी बंद केली नाही. पानं ठेवली, हात जोडले. "रागावू नको. एवढा तपासून आणते."

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदाची पट्टी दोनदा काढली, मोजपट्टी धरून कागदावरचे बारीक चौकोन मोजले. "वेळ फार लांबलाय. त्या गोळ्या याला द्यायच्या नाहीत. दुसऱ्या जातीच्या आहेत, त्या देऊ. तीन दिवस इथेच राहू दे. नंतर आईलाही आण."

सावुथ छताकडे बघत होता. "म्हणजे धाकटी..."

"आता ते सांगता यायचं नाही," बाई हळूच म्हणाल्या.

फाल्ली उन्हं कलताना परतली. यायला सगळं सांगितलं, उद्या निघायची वेळ ठरवली. मग वहीच्या पहिल्या पानावर छापील प्रश्नाखाली आपल्या हाताने लिहिलं: 'घरातल्या कुणाला नेलंय का?' गावात बेचाळीस घरं. सकाळी वरच्या टोकापासून सुरुवात.

डुकरांनी ओरडून अंगण डोक्यावर घेतलं होतं. "आले, आले, मेल्यांनो," ती म्हणाली, सोटातला कोयता हिसका देऊन काढला आणि पाचवी चकती पाडली.