तिरप्या टाकीतलं पाणी

परवा जुने ऑफिसवाले चहाला जमलो होतो. चौघंच उरलोय, तरी दोन तास बोलणं संपलं नाही. नोकरी करताना जे डोक्याला ताप होतं, तेच आता हसत हसत सांगतो आम्ही! आणि विषय कुठूनही निघो, शेवटी कुणीतरी म्हणतंच, "ते टाकीचं सांगा."

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मी तिथल्या एका सरकारी ऑफिसात ओव्हरसिअर होतो. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना पाणी मिळावं म्हणून लोखंडी टाक्या आल्या होत्या. गोल, छातीइतक्या उंच, वीस-बावीस फूट रुंद, बारा पत्रे बोल्टांनी जोडलेले. दुष्काळ सरला आणि पत्रे आमच्या गोदामात येऊन पडले.

दोन वर्षांनी मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, शकुंतलाबाई, अर्ज घेऊन आल्या. त्या वर्षी त्यांच्या शाळेतल्या दोन मुली विहिरीत पडल्या होत्या. एक वाचली. बाईंना मुलींना पोहायला शिकवायचं होतं.

आमचे डेप्युटी साहेब म्हणाले, "बाई, टाकी पाणी साठवायला आहे. पोहणं नियमात बसत नाही."

"मग अर्जावर 'पाणी साठवण' लिहा," बाई म्हणाल्या. "साठवलेल्या पाण्यात मुली उतरल्या तर तुमचा काय दोष?"

साहेबांनी सही केली!

*

टाकी बसवायचं काम आमचे फिटर दौलतराव कांबळे यांच्याकडे आलं. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. शाळेमागची जागा बघून ते म्हणाले, "साहेब, ही काळी माती हाय. दोन फूट काढून मुरूम भरू. न्हाईतर पावसाळ्यात फुगंल अन् टाकी कलंल."

"टाकी म्हणजे काय इमारत आहे? ठेवा जमिनीवर!" साहेब म्हणाले.

मे महिना होता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. ठेवली तशीच. ऑगस्टात टाकी भरली, तर पूर्वेला पाणी काठावरून सांडतंय आणि पश्चिमेला काठ वीतभर कोरडा!

साहेब आले. टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, "कांबळे, टाकी बरोबर दिसतीय. पाणी एका बाजूला का गेलं, ते बघा."

दौलतराव म्हणाले, "साहेब, पाण्याला मेमो द्या."

*

टाकी कललेलीच राहिली, पण बाईंनी शिकवणं सुरू केलं. स्टुलावर उभ्या राहून, एका हातात पोहण्याचं पुस्तक, गळ्यात शिट्टी. "हात पुढे! पाय मारा! श्वास घ्या!" शिस्त अशी की रस्त्यावरचा माणूससुद्धा श्वास घेऊन जायचा.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. बाईंना स्वतःला पोहता येत नव्हतं!

एके दिवशी खालच्या बाजूला वाकून मुलीचा हात धरायला गेल्या आणि स्टुलासकट आत! पाय ठेवला असता तर तळ लागला असता, पण घाबरलेल्या माणसाला ते कुठून सुचणार? हातपाय झाडत, वर-खाली होत त्या कशाबशा शिडीपर्यंत गेल्या. तीस मुली काठाला धरून बघतायत. बाई शिडी धरून धापा टाकतायत.

मागून एक बारीक आवाज आला, "बाई, परत एकदा दाखवा ना!"

*

साहेबांनी दुरुस्तीची स्वतःच एक आयडिया काढली. पाणी न काढता, ट्रकचा जॅक लावून खालची बाजू उचलायची आणि विटा सरकवायच्या.

दौलतराव म्हणाले, "आधी रिकामी करू. आत पाणी किती हाय, त्याचं वजन बघा की."

"पाणी मोलाचं आहे, कांबळे. वाया नाही घालवायचं."

जॅक लावला. दौलतराव दांडा फिरवायलेत, साहेब लांबून ओरडायलेत, "अजून! अजून!" अर्ध्या तासानं साहेबांनी विचारलं, "किती उचलली?"

"टाकी न्हाई उचलली साहेब," दौलतराव घाम पुसत म्हणाले. "जॅक खाली चाललाय."

ओल्या काळ्या मातीत जॅक पार गाडला गेला होता. तो काही निघाला नाही. अजूनही तिथंच असेल.

*

शेवटी टाकी खोलून नव्यानं बसवायची ठरली. ही बातमी फुटल्याबरोबर ऑफिसात आणखी एक अर्ज आला. शाळेच्या पूर्वेला शेख चाचांचं घर होतं. काठावरून सांडणाऱ्या पाण्यावर त्यांनी कोथिंबीर, पुदिना, दोन वाफे वांगी लावली होती. अर्जात लिहिलं होतं, "टाकी आहे तशीच ठेवण्याची मेहरबानी व्हावी. यात कुणाचंच नुकसान नाही."

सोबत नमुन्यादाखल कोथिंबिरीची जुडी!

*

या वेळी साहेबांनी सगळं दौलतरावांवर सोपवलं. थंडीचे दिवस होते. पत्रे खोलले, दोन फूट काळी माती काढली, मुरमाचे थर टाकून पाणी मारून ठोकून बसवले. मग पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडचं पाणी एका रेघेत येईपर्यंत ते मला हलू द्यायचे नाहीत. पाच दिवस हेच चाललं. टाकी बसली, भरली. काठ चारी बाजूंनी सारखा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या फळ्यावर मुलींच्या बॅचची यादी लागली. चार बॅच. दौलतरावांची मुलगी सुजाता आठवीत होती. ती आणि बौद्धवाड्यातल्या आणखी पाच मुली चौथ्या बॅचमध्ये, शनिवारी. त्याखाली एक ओळ : 'शनिवारी संध्याकाळी टाकीतले पाणी बदलावे.'

बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "यादी मी केलेली नाही. संस्थेच्या अध्यक्षांकडून आलीय."

दौलतरावांनी यादी वाचली. पान्हे पिशवीत भरले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. संस्थेचे अध्यक्ष नारळ घेऊन पुढे झाले. तेवढ्यात दौलतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ओव्हरसिअर साहेब, टेस्टिंग बाकी हाय."

"नळीनं घेतलं की आपण."

"ते रिकाम्या टाकीचं. भरल्या टाकीचं माणूस उतरवून घ्यावं लागतं."

असा नियम कुठंच नव्हता. त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. डेप्युटी साहेब माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो. "घ्यावंच लागतं."

"सुजाता!" दौलतरावांनी हाक मारली.

ती रांगेतून आली, शिडी चढली आणि पाण्यात उतरली. पहिल्या पत्र्याला टेकून उभी राहिली.

"कुठवर आलं?"

"फ्रॉकच्या दुसऱ्या गुंडीला, बाबा."

"पुढं चल."

"दुसऱ्या गुंडीला."

सहाव्या पत्र्याजवळ अध्यक्षांनी हातातला नारळ या हातातून त्या हातात घेतला. "अजून किती वेळ?"

"झालंच की, साहेब," दौलतराव म्हणाले. "हे झालं की एकदा उलट्या बाजूनं घेतो."

"एकटीनं दुपार होईल," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. "चला गं, सगळ्या उतरा!"

तीसच्या तीस मुली धावल्या. अध्यक्षांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. मी मेजरमेंट बुक उघडलं आणि लिहिलं : 'टाकी भरून, माणसे उतरवून तपासली. पातळी सर्व बाजूंनी सारखी.'