पुस्तकातली आई

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तिथे तिला भारत दिसायला लागला. इतका, की तिने लहान मुलांसाठी इंग्रजीत एक चित्रपुस्तकच लिहिलं. विषय आमची आई. गेल्या डिसेंबरात ती लेकीला घेऊन सांगलीला आली, तेव्हा पुस्तक भेट म्हणून बरोबर होतं.

आमच्या आईचा कुपवाडला पंपाचे वायसर बनवायचा छोटा कारखाना आहे. वडील गेल्यावर तो विकून टाकावा असं नातेवाइकांनी अत्यंत प्रेमाने सुचवलं. एक-दोघे तर स्वतःच घ्यायला तयार होते. आईने ऐकलं नाही. रोज सकाळी स्कूटरवरून जाते आणि कामगारांवर मनसोक्त ओरडते.

पुस्तकातली आई मात्र अंगणात अनवाणी बसून पाट्यावर मसाला वाटत होती. डोळ्यांत पाणी, शेजारी मोर. आमच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये मोर मी कधी पाहिला नाही, पण तिकडून स्पष्ट दिसत असावा. ही आजी नातीला 'बेटी' म्हणते. नातीला शाळेत आपल्या डब्याची लाज वाटते, मग आजीचं लोणचं चाखून सगळा वर्ग सुधारतो.

मी वाचून अर्थ सांगत होतो. आईने चष्मा काढला.

"आगं, मी बेटी कवा म्हणले? आन् लोणचं तर दुकानातनं आणतो आपण."

"मी डबा नेतच नाही," भाची म्हणाली. "शाळेत पिझ्झा मिळतो."

बहिणीने दोघींना 'प्रतीक' या शब्दाचा अर्थ समजावला. दोघींनीही तो मनावर घेतला नाही.

पुढे बहिणीच्या जुन्या शाळेत वाचन ठेवलं होतं. हार, नारळ, मुख्याध्यापकांचं लांबलचक भाषण. वाचन संपल्यावर पहिल्याच रांगेतल्या मुलीने विचारलं, "ह्या आजीला चप्पल न्हाई का?"

बहीण काही बोलायच्या आत आई खुर्चीवरून उठली. "हायत की. लेकीकडनं चित्रात काढायच्याच राह्यल्या."

मुलं खदखदून हसली. मुख्याध्यापकांनी आभाराचं भाषण घाईने उरकलं.

घरी येताना गाडीत बहीण रडली. "तिकडच्या मुलांना कळायला नको का, मी कुठून आले ते?"

"मग मला इचारायचं हुतंस," आई म्हणाली. "फोन तर रोज करतीस. जेवलीस का, एवढंच इचारतीस."



सुट्टी संपेपर्यंत बहीण आणि भाची आईबरोबर कुपवाडला जात होत्या. बहिणीने नवी गोष्ट लिहिली, वायसरची, स्कूटरची, ओरडणाऱ्या आजीची. पहिलं पुस्तक काढणाऱ्या प्रकाशनाच्या बाईंनी तिकडून फार गोड उत्तर पाठवलं. गोष्ट छान आहे, पण आजी पुरेशी भारतीय वाटत नाही. तिला थोडं प्रेमळ करता येईल का? आणि कारखान्याऐवजी मसाल्याचं दुकान चालेल का?

पहिल्यांदाच बहीण योग्य माणसावर चिडली. नाही म्हणून कळवून टाकलं.

नव्या पुस्तकाचं पुढे काय होईल, कुणास ठाऊक. आईला त्याची फिकीर नाही. आता अमेरिकेतून बहिणीचा फोन आला की आईच सुरुवात करते, "हां, लिहून घे. पुराच्या वर्षी मशिनी माळ्यावर कशा चढवल्या, ते सांगते."

आणि मध्येच बजावते, "रडले-बिडले असं लिहू नगंस. लय कामं हुती तवा."