नावापुरती मालकीण

चाव्या माझ्या हातात होत्या. दारही मीच उघडलं होतं. झाईजवळच्या चिकूवाडीतला बंगला. मालक परदेशी, बघायला आलेलं जोडपं मुंबईचं. सकाळपासून मी त्यांना घरं दाखवत फिरत होते. मॅडम बाथरूमच्या दारात उभ्या राहून नळाला पाणी कसं येतं ते बघत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, मी जरा जाऊन येते."

त्या बाजूला झाल्या नाहीत.

"इथे नको. समजा आम्हीच घेतलं हे घर, तर ते माझ्या डोक्यात राहील. बाहेर एवढी वाडी आहे ना? तुम्हा लोकांना सवय असते."

घर त्यांचं नव्हतं. पुढे कधी झालंही नाही. पण माझ्यासाठी ते बंद झालं होतं.

मी वाडीत गेले नाही. तशीच राहिले. पोटात कळ येत होती आणि तोंडाने मी सांगत होते, बोअरला बारा महिने पाणी असतं, वाडीत कलमी आंबे पण आहेत, समुद्र पाच मिनिटांवर. साहेब मोबाईलवर फोटो काढत होते. मला म्हणाले, "जरा बाजूला सरका, फ्रेममध्ये येताय." मी सरकले.

मी तलासरीकडच्या एका पाड्यावरची. आदिवासी. बी.ए. झालेली. डहाणू रोडला एका एजंटच्या ऑफिसात कामाला होते. जमिनी, वाड्या, बंगले दाखवायचं काम. शेठ गिऱ्हाइकासमोर मला 'बेन' म्हणायचा. गिऱ्हाईक गेलं की 'ए'. पण चारचौघांत सांगायचा, "आमची बेन शिकलेली आहे, चार भाषा बोलते." मला बरं वाटायचं. मराठी, गुजराती, हिंदी, आमची वारली. इंग्रजी बोलता येत नव्हतं, समजत होतं सगळं. म्हणून ही नोकरी मिळाली, असं मी धरून चालले होते.

हे साहेब-मॅडम काही वर्षं इंग्लंडात राहून आले होते. त्यांना तिथल्या खेड्यातल्यासारखं घर हवं होतं. मॅडमनी फोटो दाखवले होते. दगडी भिंती, दारावर चढलेले गुलाब, घरात शेकोटी, मागे हिरवं कुरण आणि त्यात मेंढ्या. डहाणूच्या उकाड्यात शेकोटी. मी हसू दाबलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तिथलं खेडं इतकं शांत असतं, माणूस म्हणून दिसत नाही."

माणूस नसलेलं खेडं. हे शोधायला ही माणसं खेड्यात येतात.

झाईचा बंगला त्यांना पसंत पडला नाही. खारा वारा फार, म्हणाले. शेठचा फोन आला. "त्यांना तलासरीला आण. पुढचं घर मी दाखवतो." कुठलं, ते सांगितलं नाही.

तलासरीला शेठ त्याची गाडी घेऊन थांबला होता. तो पुढे, आम्ही मागे. मॅडमनी मागच्या सीटवर माझ्यासाठी जुना टॉवेल अंथरला होता, त्यावर मी बसले होते. हमरस्ता सुटला. ओढ्यावरची मोरी गेली. शाळा गेली. ती माझी शाळा होती. मग शेठची गाडी वळली आणि मी सीट घट्ट धरली. तो आमचा पाडा होता. गाडी थांबली ती माझ्या काकीच्या अंगणात.

काकी म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका गेले, दोघं मुलगे वापीला कंपनीत, ती एकटी राहते. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणाच्या कडेला मोहाचं झाड आणि खाली उतारावर तिचं शेत. शेठ येऊन गेलेला दिसत होता, कारण तिने अंगण सारवून बाज टाकून ठेवली होती. मला बघून ती हसली. तांब्यात पाणी आणलं. साहेबांनी हाताने नको म्हटलं आणि स्वतःची बाटली उघडली.

मॅडम बूट घालून सरळ आत गेल्या. जिथे आमचे देव असतात, भाताची कणगी असते, तिथपर्यंत. काकीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

मग मॅडम परत उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि ती दोघं इंग्रजीत बोलायला लागली. माझ्यासमोर, काकीसमोर. भिंतीसमोर बोलावं तसं.

"जागा काय सुंदर आहे. पण हा वास जाईल ना?"

"घर पाडायचंच आहे. दगडात बांधू."

"आणि समोरच्या त्या झोपड्या-बिपड्या?"

"उंच झाडं लावू. दिसणार नाहीत."

त्या झोपड्यांत माझं घर होतं. माझी आई त्या वेळी तिथे भात निवडत बसलेली असणार.

साहेबांनी शेठला मराठीत विचारलं, "ही आदिवासी जमीन आहे. आमच्या नावावर होत नाही म्हणतात."

शेठ हसला. "त्याची सोय करूनच ठेवली आहे. आपल्या बेनच्या नावावर घ्यायची. आदिवासीची जमीन आदिवासीने घेतली, कोण काय बोलणार? मुखत्यारपत्रावर, कोऱ्या कागदांवर हिच्या सह्या आधीच करून घेऊ. नावापुरती मालकीण ही. राहायचं तुम्ही."

त्या दिवशी मॅडमनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"ही उद्या हक्क सांगत बसायची नाही ना?"

"नाही हो. गरीब आहे, साधी आहे. आणि इथेच कामाला ठेवा तिला. झाडलोट करेल, स्वयंपाक करेल. मागे एक खोली काढून द्या."

तिथे, काकीच्या अंगणात, मला कळलं. माझी बी.ए. त्याला नको होती. माझ्या चार भाषा नको होत्या. मला कामावर घेताना त्याने सगळ्यात आधी जातीचा दाखला मागितला होता, आणि मला वाटलं होतं सगळीकडे मागतात तसा मागितला. त्याने मला नोकरी दिलीच नव्हती. माझं नाव विकत घेऊन ठेवलं होतं, हंगाम येईपर्यंत.

"काकीला समजाव तुझ्या भाषेत," शेठ म्हणाला. "सांग, तलासरीत खोली बघून देतो."

मी समजावलं. आमच्या भाषेत, सावकाश. काकी, ही बाई म्हणते तुझ्या घराला वास येतो. हा माणूस म्हणतो घर पाडायचं. आमची घरं त्यांना बघवत नाहीत, म्हणून मध्ये झाडं लावणार. जमीन माझ्या नावावर करणार, आणि मी या घरात त्यांची भांडी घासायची. मी काही वाढवलं नाही. काही गाळलंही नाही. मॅडम मान हलवत, हसून काकीकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, मी त्यांचं कौतुकच सांगते आहे.

 काकीने तांब्यातलं पाणी मोहाच्या बुंध्याशी ओतलं आणि म्हणाली, "तिला सांग, माझ्या देवांसमोर पायताण घालून गेली. आधी उंबऱ्याबाहेर हो म्हणावं. मग अंगणाबाहेर हो."

हे मी मराठीत सांगितलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुन्हा सांगितलं. चुकीचं का असेना, इंग्रजीत सांगायचंच होतं मला.

मॅडमचा चेहरा उतरला. काकीमुळे नाही. मला सगळं समजत होतं, यामुळे.

"सॉरी, तसं नव्हतं म्हणायचं," साहेब म्हणाले. शेठला म्हणाले. मला नाही, काकीला नाही.

शेठ माझ्याजवळ येऊन हळू बोलला. "डहाणूत तुला कोण उभं करतं बघतो."

"मला उभं राहता येतं," मी म्हटलं. चाव्यांचा जुडगा त्याच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

नोकरी गेली. दुसरी मिळाली नाही. काकीच्या मोठ्या मुलाने माझ्याशी बोलणं सोडलं. म्हणतो, शहाणपणा करून आमचं नुकसान केलंस. पाड्यातलेही काही तसंच म्हणतात. आणि त्या जोडप्याचं काहीच अडलं नाही. पलीकडच्या गावात त्यांना दुसरं नाव मिळालं. माझ्याच वर्गातला मुलगा, आता दोन लेकरांचा बाप. डोंगराच्या कडेला दगडी घर उभं राहिलं. त्याला धुराडं आहे. गुलाब दोनदा लावले, दोनदा जळले. कागदावर मालक तो आहे. अंगात वॉचमनचा निळा शर्ट आहे. स्वतःच्या घराचं गेट तो दुसऱ्यांसाठी उघडतो.

मी त्याला भेटायला गेले. विचारलं, "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या." खाली बघून म्हणाला.

"मग चल, पायरीवर बसू."

"नको. कॅमेरा आहे."

तो बसला नाही. मी बसले. थोड्या वेळात भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या डबीतून आवाज आला. मुंबईत बसलेल्या मॅडमचा. "कोण आहे ती? उठव तिला तिथून."

मी डबीकडे तोंड करून म्हटलं, "मालकाची पाहुणी आहे."

 त्याने गेट उघडून धरलं. मला म्हणाला, "जा तू. माझी नोकरी जाईल." तो अजूनही त्या पायरीवर बसलेला नाही. मला त्याचा राग येत नाही. चीड येते ती त्याला मालक करून दारात उभं करणाऱ्यांची. बूट घालून दुसऱ्याच्या देवापर्यंत जाणाऱ्यांची. कुरण हवं, मेंढ्या हव्यात, माणसं नकोत, अशांची.

तहसील कचेरीत मी तक्रारीचा अर्ज दिला आहे. त्या घराचा, आणि शेठने अशाच नावांवर घेऊन ठेवलेल्या जमिनींचा, जेवढ्या मला ठाऊक आहेत तेवढ्यांचा. तारखा पडतात. मी जाते. ग्रामसभेत उभी राहते. लोक कंटाळतात, तरी बोलते. कासा, आशागड, तलासरी, जिथे असा व्यवहार कळेल तिथे जीपने, नाहीतर पायी जाते. म्हाताऱ्यांना सांगते, अंगठा देऊ नका. पोरांना सांगते, नाव देऊ नका.

त्यांनी घर शोधत फिरावं. गाड्या घेऊन यावं. ज्या पाड्यावर त्यांची गाडी वळेल, तिथे तिच्याआधी मी पोहोचलेली असेन.