चहाबाई आणि सोनपेठचा फेरा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. शेवटी सूनच म्हणाली, "लिहा मामा. माझं लपवायचं आता काई राहिलं न्हाई."

झरीजवळच्या आमच्या गावात ज्या नर्सबाई होत्या, त्यांना सगळे चहाबाई म्हणत. आमच्या गल्लीत अकरा घरं. बाई आल्या की अकराही ओट्यांवर टेकायच्या, प्रत्येक ठिकाणी अर्धा कप चहा घ्यायच्या. "पगार काय चहापत्तीत मिळतो का बाई?" असं मीच चिडवायचो. "मिळाला असता तर बरं झालं असतं काका, तुमच्या घरचा लय पाणचट असतो!" त्या हसल्या की गल्लीच्या टोकाला कळायचं.

सुनेला दिवस गेले. तपासणीत एचआयव्ही निघाला, मग माझ्या मुलालाही. तेव्हा मला तो चहा कळला. बाई सगळीकडे सारख्याच बसत, म्हणून कुणाच्या घरी खरं काम आहे हे गल्लीला कधी उमगलं नाही. आमच्या ओट्यावर फक्त आवाज खाली यायचा. "गोळी रोज, ठरल्या वेळेला. बाळंतपण दवाखान्यातच. जन्मलं की बाळाला लगेच औषध. एवढं पाळलं तर बाळ बहुतेक सुटतंय बगा काकू."

सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे सून माहेरी गेली, पेडगावला. सोबत महिन्याभराच्याच गोळ्या होत्या, आणि तिच्याकडे फोन नव्हता. महिना संपत आला तेव्हा बाईंनी मला एसटीच्या थांब्यावर गाठलं. "काका, सूनबाईचं माहेर कोणतं?"

व्याह्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या दारात नर्स उभी राहिली तर दोन्ही गावांत बोभाटा होईल, या भीतीनं मी म्हणालो, "सोनपेठ."

दुसऱ्या दिवशी बाई सोनपेठला गेल्या. काम काय ते न सांगता दिवसभर व्याह्यांचं घर विचारत फिरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर वांग्यांची पिशवी ठेवली. "काकू, सोनपेठचा बाजार लय भारी हाय! तेवढे तुमचे व्याही घावले न्हाईत."

"सोनपेठ?" बायको आतून ओरडली. "अवो, पेडगाव न्हाई का!"

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "काकांची गावं मिसळायलीत आता. वय झालं." आणि खळखळून हसल्या.

त्याच दुपारी त्या पेडगावला पोचल्या. तिथंही आधी चार अनोळखी घरी चहा प्यायल्या, मग व्याह्यांकडे गेल्या. सुनेची शेवटची गोळी त्या सकाळीच संपली होती.

नात परभणीच्या सरकारी दवाखान्यात झाली. जन्मताच औषध मिळालं. दीड वर्षानं शेवटचा रिपोर्ट आला, तो स्वच्छ. बाईंनी अकराही घरी पेढे वाटले. "कशाचे वो?" असं लोकांनी विचारलं, तर म्हणाल्या, "माझं वजन उतरलं!" सांगताना तोंडात दोन पेढे. आमच्या ओट्यावर मात्र नातीला कडेवर घेऊन त्यांनी अशी गिरकी घेतली की बायको म्हणाली, "बाई, पोरगी पडंल!"

मी विसरलो होतो, असंच घरात सगळे आजवर समजतात. बाईंनीच ते रुजवलं. त्या निवृत्त झाल्यावर नातीला घेऊन परभणीला भेटायला गेलो. जेवताना धीर करून म्हणालो, "बाई, त्या सोनपेठचं..."

"काका, भाकरी घ्या आणखी," त्या म्हणाल्या आणि नातीला पाढे विचारू लागल्या. मी भाकरी घेतली.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या.

बाई, मी काही विसरलो नव्हतो. मला नातीपेक्षा अब्रू मोठी वाटली. मला माफ करा.